टोटाच्या खिडकीतून

जगात सगळ्यात जास्त पैसा कुठल्या खेळावर लागतो, असं कोणी विचारलं की मी आधी विचारून घेतो, वर्षभराचा हिशेब हवा की एका दिवसाचा? वर्षभराचा हवा असेल तर उत्तर सरळ आहे, फुटबॉल. युरोपातल्या लीग, चॅम्पियन्स लीग आणि दर चार वर्षांनी येणारा वर्ल्ड कप, यांच्यापुढे बाकी सगळं लहान आहे. पण एकाच दिवशी, एकाच निकालावर अख्खा देश पैसे लावतोय असं बघायचं असेल तर घोड्यांकडेच यावं लागतं. जपानमध्ये डिसेंबरच्या शेवटी नाकायामाच्या ट्रॅकवर अरिमा किनेन नावाची शर्यत होते. कुठले घोडे पळावेत यासाठी तिथे लोक मतं देतात. १९९६ साली त्या एका शर्यतीवर ८,७५० कोटी येन लागले आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. शर्यत अडीच हजार मीटरची, संपायला लागतात अडीच मिनिटं.

मी बँकेत नोकरीला होतो आणि रेसच्या दिवशी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर टोटाच्या, म्हणजे रेस क्लबच्या बेटिंगच्या तिकिटांच्या खिडकीवर बसायचो. त्या काळात बँका, महापालिका, विमा कंपन्या इथली बरीच मंडळी हे काम करायची. सुट्टीचा दिवस मोकळा, संध्याकाळी हातात रोख, आणि झटपट सुटे पैसे मोजणारी माणसं तिथे हवीच असायची. पावसाळ्यात रेस पुण्याला जायच्या, तेव्हा आमच्यातले काही जण सकाळची गाडी पकडून तिकडेही जात. बेटिंगबद्दल मला जे काही कळतं ते जाळीच्या आतल्या बाजूने बघून कळलेलं आहे, आणि त्या बाजूने ते फार वेगळं दिसतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, टोटावर आपण क्लबशी पैज लावतो. खरं तर आपण रांगेत आपल्या पुढे-मागे उभ्या असलेल्या माणसांशीच पैज लावत असतो. विनवर, म्हणजे पहिला कोण येणार यावर, आलेला सगळा पैसा एका पूलमध्ये जातो. त्यातून ठरलेली कपात बाजूला काढतात आणि उरलेला पैसा जिंकलेल्या घोड्याच्या तिकिटांत वाटून टाकतात. समजा पूल १,००,००० रुपयांचा आहे आणि कपात २० टक्के. कराचा विचार तूर्त नको. वाटायला ८०,००० उरले. चार नंबरच्या घोड्यावर २०,००० लागले असतील आणि तो आला, तर दहाच्या तिकिटाला ४० रुपये. त्याच शर्यतीत नऊ नंबरवर जेमतेम ८०० रुपये लागले असतील आणि तो आला, तर त्याच दहाच्या तिकिटाला १,००० रुपये. कुठल्या घोड्याला किती द्यायचे हे क्लबच्या हातात नसतं, लोकांच्या पैशानेच ते ठरतं. म्हणून शेवटची घंटा होईपर्यंत बोर्डावरचे आकडे हलत राहतात. बुकीचं गणित निराळं. त्याने दिलेला भाव तुमच्यापुरता पक्का, आणि अंदाज चुकला तर भुर्दंड त्याच्या खिशाला.

ही पूलची पद्धत पॅरिसमधून आली. जोसेफ ओलेर नावाच्या माणसाने १८६७ मध्ये ती काढली. पुढे १८८९ मध्ये मूलाँ रूज हे पॅरिसचं प्रसिद्ध नाचगाण्याचं थिएटर सुरू करणाऱ्या दोघांतला एक तोच. सुरुवातीला सगळी बेरीज हाताने व्हायची. आपोआप बेरीज करणारं यंत्र आलं १९१३ मध्ये, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या एलर्सली रेसकोर्सवर. ते करणारा जॉर्ज ज्युलियस हा एका बिशपचा मुलगा. त्याने ते यंत्र मुळात निवडणुकीतली मतं मोजायला आखलं होतं. सरकारने ते घेतलं नाही, तेव्हा त्याने तीच कल्पना घोड्यांच्या तिकिटांना लावली. तारा, चाकं आणि टांगलेली वजनं यांच्यावर चालणाऱ्या त्या धुडाचे फोटो मी आजही पुन्हा पुन्हा बघतो. मत असो की तिकीट, किती माणसं कोणाच्या बाजूने आहेत हे ताबडतोब, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, चूक न करता सांगायचं, एवढंच त्याचं काम. टोटाबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो यासाठी.

आता खिडकीबद्दल. शर्यत सुटायच्या आधीची दोन मिनिटं ज्याने आतून पाहिली नाहीत त्याला मी ती शब्दांत कशी दाखवू? समोर चेहरे दिसत नाहीत, हात दिसतात. घामाने ओली झालेली, चौकोनी घडी घातलेली दहाची नोट. मूठ उघडून पुढे सरकवलेली नाणी. एका हाताच्या मागून दुसरा हात, आणि कानावर फक्त आकडे: “चार, विन, पाच.” “सात-दोन फोरकास्ट.” “टनाला, एक-चार-नऊ.” फोरकास्ट म्हणजे पहिले दोन घोडे सांगायचे, टनाला म्हणजे पहिले तीन. नेहमीचा माणूस एकही शब्द जास्त बोलत नाही. मग घंटा होते आणि त्या क्षणाला विक्री बंद. शेवटचा हात तसाच जाळीत राहतो. त्या हाताला नाही म्हणणं हेच आमचं काम होतं. मशीन बंद झालं की साहेब असो, मुकादम असो, कोणालाच तिकीट मिळत नसे.

डर्बीच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीच्या दिवशी हे चित्र बदलायचं. इंडियन डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होते, २,४०० मीटर, चार वर्षांचे घोडे. पहिली १९४३ मध्ये झाली आणि बडोद्याच्या महाराजांची प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाची घोडी ती जिंकली. वर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी होता. आमच्या वडिलांच्या पिढीला जॉकी म्हटलं की पांडू खाडे आठवायचे, माझ्या पिढीला पेसी श्रॉफ. एरवीच्या रविवारी माझ्या रांगेत गिरणीतले कामगार, टॅक्सीवाले, गळ्यात दुर्बीण अडकवलेले म्हातारे पारशी. डर्बीला मात्र वर्षातून एकदाच येणारी माणसं. टोप्या घातलेल्या बायका, ऑफिसातली टोळकी, नवं लग्न झालेली जोडपी. ती खिडकीत वाकून विचारायची, “अहो, तिकीट केवढ्याला? आणि चांगला घोडा कुठला?” सल्ला देणं आमच्या कामात बसत नव्हतं, म्हणून आम्ही फक्त नंबर विचारायचो. मग ती नावावरून घोडा निवडायची, जॉकीच्या शर्टाच्या रंगावरून निवडायची, मुलाच्या वाढदिवसाच्या तारखेवरून निवडायची.

आणि मुरलेले रेसवाले त्या दिवशी खूश असायचे. कारण सोपं आहे. पूलमध्ये रंग बघून आलेला पैसा वाढला की घोडा ओळखणाऱ्याच्या तिकिटाला जास्त डिव्हिडंड, म्हणजे जास्त पैसे मिळतात. जगातल्या सगळ्या मोठ्या शर्यतींमागे हेच आहे, असं माझं मत बनलंय. वर्षातून एकदाच येणारे लोक जिथे येतात तिथे पूल फुगतो, पूल फुगला की जाणकारही झाडून तिथेच येतात.

इंग्लंडची ग्रँड नॅशनल बघा. लिव्हरपूलजवळ एन्ट्री नावाच्या रेसकोर्सवर एप्रिलच्या एका शनिवारी होते. जवळजवळ सात किलोमीटर, ३० अडथळे. पूर्वी ४० घोडे पळायचे, २०२४ पासून ३४. एरवी बुकीच्या दुकानाची पायरी न चढणारी ब्रिटिश आजीसुद्धा त्या दिवशी एक पौंड लावते. तिथे १९६७ मध्ये जे झालं ते माझ्या मते टोटा समजून घ्यायला पुरेसं आहे. फॉइनाव्हॉन नावाचा घोडा होता. त्याच्याकडून कोणालाच काही आशा नव्हती. त्याचा ट्रेनरसुद्धा त्या दिवशी एन्ट्रीला नव्हता, दुसऱ्या रेसकोर्सवर गेला होता. शर्यतीत तो पार मागे पडला होता. पुढे तेविसाव्या अडथळ्याशी, म्हणजे तिथल्या लहानशा अडथळ्याशी, पॉपहॅम डाउन नावाचा स्वार नसलेला घोडा आडवा धावला आणि पुढचे सगळे घोडे एकमेकांवर आदळले. कोणी थांबलं, कोणी उलटं फिरलं, जॉकी जमिनीवर. मागून येणाऱ्या जॉन बकिंगहॅमला तेवढ्यात एक फट दिसली. त्याने फॉइनाव्हॉनला तिथून उडी मारायला लावली आणि बाकीचे सावरेपर्यंत तो लांब निघून गेला होता. बुकींचा भाव होता एकाला शंभर. टोटाने दिले एकाला ४४४. कारण टोटावर त्याच्या नावाची तिकिटं जवळपास गेलीच नव्हती. तो अडथळा आज त्याच्याच नावाने ओळखला जातो.

माझी भाची मेलबर्नला असते. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी शर्यतीसाठी सार्वजनिक सुट्टी असते हे तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिच्या आईला खरं वाटेना. मेलबर्न कप १८६१ पासून चालू आहे, फ्लेमिंग्टनला, आता ३,२०० मीटर, जास्तीत जास्त २४ घोडे. मुंबईचंही त्या शहराशी नातं आहे. महालक्ष्मीचा ट्रॅक १८८३ मध्ये आखला तो मेलबर्नच्या कॉलफिल्ड रेसकोर्सच्या धर्तीवर. कपच्या आधी भाचीच्या ऑफिसात सगळे जण थोडे थोडे डॉलर काढतात, घोड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकतात आणि ज्याला जो घोडा येईल तो त्याचा. तिची चिठ्ठी निघाली की ती मला फोन करते, “मामा, हा कसा आहे?” मी तिला घोड्यावर वजन किती दिलंय आणि स्टॉल, म्हणजे शर्यत सुटताना उभं राहायची जागा, कितवा मिळालाय ते विचारतो.

कप आपल्याकडे सकाळी साडेनऊला सुरू होतो. २०१५ चा मी घरी चहा घेत बघितला. प्रिन्स ऑफ पेन्झान्स, भाव एकाला शंभर, वर मिशेल पेन. तिचा भाऊ स्टीव्ही त्याच घोड्याची देखभाल करायचा. त्याला डाउन सिंड्रोम आहे. स्टॉलचा नंबर काढायला तोच पुढे गेला आणि त्याने एक नंबर काढला. मिशेल जिंकली, आणि मेलबर्न कप जिंकणारी ती पहिली स्त्री जॉकी ठरली. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. शर्यतीनंतर तिने, स्त्रियांत ताकद नाही म्हणणाऱ्यांना कॅमेऱ्यासमोरच सुनावलं. मला ते फार आवडलं. आपल्याकडे महालक्ष्मीला आणि पुण्याला मुली घोड्यावर बसल्या तेव्हा रांगेतली माणसं काय बोलायची ते मी ऐकलंय.

लोक फक्त जिंकायला पैसे लावतात हाही गैरसमज आहे. जपानमधल्या कोची या लहान शहरात हारू उरारा नावाची घोडी होती. ११३ शर्यती पळाली, एकही जिंकली नाही. २००४ च्या मार्चमध्ये युताका ताके हा जपानचा सगळ्यात नावाजलेला जॉकी तिच्यावर बसला. लोकांची रीघ लागली, आणि टोटावर तीच फेव्हरिट झाली. ती दहावी आली. लोकांनी तिची हरलेली तिकिटं जपून ठेवली, कारण ती हरूनही पळणं सोडत नव्हती. बंद पडायला आलेलं ते रेसकोर्स तिच्यामुळे तगलं. दुसऱ्या टोकाला दुबई. १९९६ पासून चालणारा दुबई वर्ल्ड कप जगातल्या सगळ्यात श्रीमंत शर्यतींपैकी एक, पण तिथे जागेवर बेटिंगच नाही. तरी स्टँड भरतात.

यात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या सगळ्या शर्यतींत पैसा लागतो तो अख्ख्या निकालावर. घोडा आला की नाही, एवढंच. १९९६ च्या जानेवारीत आपल्या सुप्रीम कोर्टाने तमिळनाडूच्या खटल्यात सांगितलं की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचं घराणं, तयारी, वजन, जॉकी, ट्रॅक, हे सगळं अभ्यासता येतं. मी खिडकीत बसून हे रोज बघत होतो. पॅडॉकपाशी, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथे जाऊन घोड्याचा घाम बघून येणारा माणूस आणि वाढदिवसाची तारीख लावणारा माणूस हे सारखे नव्हेत.

मग अमेरिकेच्या सुपर बोलकडे, म्हणजे तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याकडे बघतो तेव्हा मला त्रास होतो. तिथे २०१८ च्या मेमध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांवरचं बंधन उठवलं आणि आज ३० हून जास्त राज्यांत खेळांवर बेटिंग कायदेशीर आहे. सुपर बोल हा तिथला सगळ्यात मोठा दिवस. सामना कोण जिंकणार यावर पैसे लावा, माझी तक्रार नाही. पण सामन्याआधीच्या नाणेफेकीवरही पैसे लागतात. छापा की काटा. त्यात अभ्यास कसला? पुढे तेच लहान लहान तुकड्यांवर येतं. पुढचा पॉइंट, पुढचा चेंडू, पुढचा नो बॉल. आणि तुकडा जितका लहान, तितका तो विकत घेणं सोपं. अकरा जणांचा संघ हरवायला किती जणांना फोडावं लागेल! एक नो बॉल टाकायला एकच गोलंदाज पुरतो. २०१० मध्ये लॉर्ड्सवर पाकिस्तानच्या गोलंदाजांनी ठरवून नो बॉल टाकले आणि कर्णधारासकट तीन खेळाडू २०११ मध्ये तुरुंगात गेले. आपल्या आयपीएलमध्ये २०१३ साली तेच आरोप झाले, सुप्रीम कोर्टाला लोढा समिती नेमावी लागली. रेस स्वच्छ आहे असं मी म्हणणार नाही, घोडा ओढून धरणारे जॉकी मीही पाहिलेत. पण तिथे प्रत्येक शर्यतीवर स्टुअर्ड, म्हणजे नजर ठेवणारे अधिकारी बसलेले असतात, चौकशी चालू असली तर निकाल जाहीर होईपर्यंत तिकिटं जपून ठेवायला सांगतात, आणि जॉकीला घरी बसवलं तर ते छापून येतं.

रेसमुळे घरं बसली, हे मी जवळून पाहिलंय. पगारानंतरच्या रविवारी गेटाबाहेर थांबलेल्या बायका पाहिल्यात. रांगेतला एक गृहस्थ घरी जायचे पैसे मोज्यात ठेवायचा, म्हणजे हात तिथवर जायला वेळ लागावा. पण त्याला गेटपर्यंत यावं लागत होतं, रांगेत उभं राहावं लागत होतं, दोन शर्यतींमध्ये अर्धा तास थांबावं लागत होतं, आणि शेवटची शर्यत झाली की घरी जावं लागत होतं. त्या अर्ध्या तासात पुष्कळ माणसं शुद्धीवर येत. भेळ खात, शेजाऱ्याशी भांडत, आणि पुढची शर्यत सोडून देत.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाला तो अर्धा तास मिळाला नाही. इंजिनिअर झालेला, नोकरीला लागलेला. त्याचे वडील मला अण्णा म्हणतात. एके संध्याकाळी ते त्याचं बँकेचं स्टेटमेंट घेऊन माझ्याकडे आले. “अण्णा, तुम्ही बँकेतले. हे काय आहे ते सांगा.” पानांमागून पानं. २००, ५००, २००, १,०००, ५००. वेळा रात्रीच्या दोन-अडीचच्या. कुठल्यातरी देशातल्या टेबल टेनिसवर लावलेले पैसे, ज्या खेळाडूंची नावं पोराला धड म्हणता येत नव्हती. दर चार-पाच मिनिटांनी एक नोंद. मी आयुष्यभर आकडे बघितलेत, पण ते पान बघताना माझे हात गार पडले. आम्ही दोघांनी बसून एकेक नोंद जोडली, मग मुलाला बोलावलं, मग बँकेत जाऊन मर्यादा घालून घेतल्या. तो आता बरा आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, तेव्हा त्या वडिलांइतकाच मलाही आनंद झाला. पण महिन्याभरात, २२ सप्टेंबरपासून, घोड्यांच्या बेटिंगवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला, आणि तोही लावलेल्या पूर्ण रकमेवर. ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्केसुद्धा पूर्ण रकमेवरच होता. बेकायदा बुकी कर घेत नाही. तो फोनवर बेट घेतो आणि उधारीही देतो. टोटाच्या खिडकीवर उधारी नव्हती. रोख द्या, तिकीट घ्या, संपले की घरी जा. जिथे घंटेला विक्री थांबते ती जागा महाग करून सरकार माणसाला नेमकं तिकडे ढकलतंय, जिथे घंटाच नाही. कर क्लबच्या कपातीवर लावा, पूर्ण रकमेवर नको, ही रेस क्लबांची जुनी मागणी आहे आणि मला ती पूर्ण पटते. मघाचाच एक लाखाचा पूल घ्या. पूर्ण रकमेवर ४० टक्के म्हणजे ४०,००० रुपये. कपातीच्या २०,००० वर ४० टक्के म्हणजे ८,०००. पहिल्या हिशेबात खिडकीपाशी कोणी येणार नाही, दुसऱ्यात सरकारलाही मिळेल आणि खिडकीही चालू राहील.